बाईंना मान मिळतो, मग कारभार का मिळत नाही?

सातारा जिल्ह्यातल्या एका गावात, एका दूध संस्थेच्या संचालिकेच्या घरी मी बसले होते. संध्याकाळचे सात वाजले असतील. चुलीपुढं भाकरी थापणं चालू होतं. बाहेर मोटारसायकल थांबली आणि संस्थेचे सचिव प्रोसिडिंग बुक, म्हणजे सभेतले ठराव लिहायची वही, काखेत धरून दारात आले. "वहिनी, तेवढी एक सही राहिलीय." ताईंनी पदराला हात पुसले, उंबऱ्यात उभ्या राहून सचिवांनी पेन्सिलीने फुली मारलेल्या जागी सही केली. बोटाला राहिलेल्या पिठाचा ठसा कागदावर उमटला. सहीच्या वर लिहिलं होतं : 'ठराव क्र. 4 वर सविस्तर चर्चा होऊन सर्वानुमते मंजूर.' सचिव गेल्यावर मी विचारलं, ठराव कशाचा होता? त्या म्हणाल्या, "कूलरचं कायतरी असंल."

हे सचिव वाईट माणूस नव्हते. दुसऱ्या दिवशी भेटले तेव्हा मनापासून म्हणाले, "रात्री आठची मीटिंग असते हो. आमच्या वहिनींना कशाला त्रास द्यायचा? आम्ही सगळे त्यांना फार मानतो." त्यांचं हे म्हणणं शंभर टक्के खरं होतं, आणि या लेखाचा विषय तेच आहे. सहकारी संस्था चालवणाऱ्या माणसांच्या मनात बाईची जी जागा असते, ती बहुतेक वेळा तिरस्काराने ठरत नाही. ती मानाने ठरते.

मी गेली काही वर्षं संचालकांच्या प्रशिक्षणासाठी गावोगाव जाते. तिथे जे दिसलं आणि त्यावर अभ्यासकांनी जे शोधलं, ते दोन्ही जोडून सांगते.

आधी शब्दांचा अर्थ. 'स्त्री-पुरुष भूमिका' म्हणजे कोणी काय करायचं याची समाजाने न लिहिता केलेली वाटणी. गोठा झाडणं, धार काढणं, वासराला पाजणं बाईकडे. डेअरीवर किटली नेणं, बिल उचलणं, पशुखाद्याच्या गोणीची उधारी करणं पुरुषाकडे. 'दृष्टिकोन' म्हणजे ही वाटणी बरोबर आहे, स्वाभाविक आहे, असं मनात धरून चालणं. आणि 'व्यवस्थापक' म्हटलं की सहकारात दोन प्रकारची माणसं येतात : निवडून आलेले चेअरमन आणि संचालक, आणि पगारी सचिव किंवा मॅनेजर. दोघांचा दृष्टिकोन संस्थेत दिसतो, पण दिसण्याची जागा वेगळी. चेअरमनचा दृष्टिकोन समित्या नेमताना दिसतो, सचिवाचा रजिस्टर भरताना.

सहकारात हा प्रश्न जास्त बोचतो, कारण सहकाराचा पायाच समानतेचा आहे. इंग्लंडमधल्या रॉचडेल गावी 1844 साली 28 जणांनी जे दुकान काढलं, तिथून 'एक सभासद, एक मत' ही रीत जगभर गेली. भाग एक असो की शंभर, मत एकच. 1995 साली मँचेस्टरच्या अधिवेशनात आंतरराष्ट्रीय सहकारी संघटनेने सहकाराची सात तत्त्वं नव्याने मांडली. त्यातल्या पहिल्याच तत्त्वात लिंगभेद न करता सभासदत्व सर्वांना खुलं असेल असं म्हटलं आहे.

दार खुलं आहे, हे खरं. पण त्या दारात जायला जो कागद लागतो, तो कोणाच्या नावावर आहे? विकास सोसायटीत, म्हणजे गावातल्या कर्ज देणाऱ्या सहकारी संस्थेत, पीककर्ज सातबाऱ्यावर मिळतं. साखर कारखान्याचा ऊस उत्पादक सभासद व्हायला जमीन लागते. 2015-16 च्या शेतीगणनेत देशातल्या एकूण खातेदारांत बायका सुमारे 14 टक्के होत्या. म्हणजे शेतात राबणाऱ्या बहुतेक बायका सभासदांच्या यादीत येण्याआधीच गळतात. दूध संस्थेला जमिनीची अट नसते, जनावर असलं आणि दूध घातलं की झालं. तरीही खातं घरातल्या कर्त्या पुरुषाच्या नावावरच उघडलं जातं. सचिवाने विचारलेलंही नसतं. तो नाव लिहितो 'अमुक तमुक पाटील', आणि म्हशीखाली बसणारी बाई संस्थेच्या दप्तरात कुठेच नसते.

हे बदलायचा एक मोठा प्रयत्न महाराष्ट्रातच झाला. शेतकरी संघटनेने 1986 साली चांदवडला शेतकरी महिलांचं अधिवेशन भरवलं, आणि त्यानंतरच्या काळात शरद जोशींनी 'लक्ष्मीमुक्ती'ची हाक दिली : नवऱ्याने स्वखुशीने जमिनीचा तुकडा बायकोच्या नावावर करायचा. अनेक गावांनी ते केलं. सहकाराच्या चर्चेत त्या चळवळीचं नाव फारसं निघत नाही, पण माझ्या मते सहकारातल्या स्त्री-पुरुष प्रश्नाचं मूळ जितकं नेमकं तिने पकडलं तितकं कोणत्याही परिपत्रकाने पकडलं नाही. कागदावर नाव नसेल तर पुढचं सगळं बोलणं हवेत राहतं.

आता मनाच्या आतल्या भागाकडे येऊ.

प्रशिक्षणात मी एक साधा प्रयोग करून घेते. फळ्याच्या एका बाजूला लिहिते 'चांगला चेअरमन' आणि समोरच्या संचालकांना म्हणते, सुचतील ते शब्द सांगा. शब्द भराभर येतात : वजनदार, फिरता, ओळखीपाळखीचा, तालुक्याला शब्द चालणारा, रात्री-अपरात्री उठून येणारा, वसुलीला कडक. मग दुसऱ्या बाजूला लिहिते 'चांगली बाई'. समजूतदार, सोशिक, मर्यादेने वागणारी, घर सांभाळणारी, काटकसरी, हिशोबाची पक्की. दोन्ही याद्या भरल्या की मी काही बोलत नाही. थोडा वेळ सगळे फळ्याकडे बघत राहतात. एकही शब्द दोन्हीकडे नसतो.

या प्रयोगाची मूळ कल्पना माझी नव्हे. अमेरिकेत व्हर्जिनिया शाइन या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1973 साली विमा कंपन्यांतल्या मधल्या फळीच्या पुरुष मॅनेजरांना 92 गुणांची यादी दिली. काहींना विचारलं, यातलं सर्वसाधारण पुरुषाला काय लागू पडतं. काहींना विचारलं, सर्वसाधारण बाईला काय. आणि काहींना, यशस्वी मॅनेजरला काय. 'यशस्वी मॅनेजर' आणि 'पुरुष' यांची चित्रं बरीचशी जुळली. 'बाई'चं चित्र बाजूला राहिलं. दोन वर्षांनी त्यांनी हाच प्रश्न मॅनेजर असलेल्या बायकांना विचारला, आणि त्यांच्याकडूनही जवळपास तसंच उत्तर आलं. मॅनेजर म्हटलं की डोळ्यांसमोर पुरुष येतो. ही सवय दोघांच्याही डोक्यात सारखीच मुरलेली होती. म्हणूनच संचालिकाच जेव्हा म्हणते, "चेअरमनकीला गडीमाणूसच पाहिजे," तेव्हा तिला दोष देऊन उपयोग नसतो.

पण फळ्यावरच्या दुसऱ्या यादीतले शेवटचे दोन शब्द परत वाचा. काटकसरी. हिशोबाची पक्की. एखादी पतसंस्था बुडते तेव्हा तिथे नेमकं काय कमी पडलेलं असतं? ओळखीपाळखी तर भरपूर असतात. बऱ्याचदा त्या ओळखींनाच तारण न बघता दिलेली कर्जं संस्थेला खाली ओढतात. हे मी फळ्यापाशी उभी राहून सांगते तेव्हा मागच्या रांगेतल्या बायका पहिल्यांदा मान वर करतात.

अ‍ॅलिस इगली आणि स्टीव्हन कराव या दोन अभ्यासकांनी 2002 साली यापुढची गाठ उकलून दाखवली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : बाईकडून समाजाच्या दोन अपेक्षा एकाच वेळी असतात आणि त्या एकमेकींशी भांडतात. बाई म्हणून ती मृदू हवी, अधिकारी म्हणून ती ठाम हवी. ती मृदू वागली तर "यांना जमत नाही", ठाम वागली तर "फार चढून गेल्यात". मराठीत याचा पुरावा रोजच्या बोलण्यात सापडतो. थकबाकीदाराच्या दारात जाऊन आवाज चढवणारा चेअरमन 'करडा' असतो. तेच बाईने केलं की ती 'तोंडाळ' होते. पुरुषाला दोनच वाटा असतात, काम जमणं किंवा न जमणं. बाईला तिसरीही असते : काम जमलं तरी माणसं तुटणं.

आणि आता मानाची गोष्ट. पीटर ग्लिक आणि सुझन फिस्क या मानसशास्त्रज्ञांनी 1996 साली स्त्रियांविषयीच्या पूर्वग्रहाचे दोन चेहरे वेगळे करून दाखवले. एक उघड वैराचा : बायकांना अक्कल नसते, त्या पुढे पुढे करतात. दुसरा मायेचा : बाई नाजूक, पवित्र, जपण्याजोगी, तिला धकाधकीत कशाला ओढायचं? ऐकायला हे दोन टोकाचे वाटतात, पण त्यांच्या पाहणीत हे दोन्ही सहसा जोडीनेच आढळले. दुसरा चेहरा ओळखणं अवघड, कारण तो प्रेमाने बोलतो. "वहिनी, तुम्ही कशाला येता एवढ्या लांब, वही घरी पाठवतो" हे वाक्य त्या दुसऱ्या चेहऱ्याचं आहे. सभेत संचालिकेला पहिल्या रांगेत खुर्ची, नारळ, शाल, "आमच्या भगिनी" असा उल्लेख. पण कर्ज उपसमिती आणि खरेदी समिती नेमायची वेळ आली की तिचं नाव कोणाच्या ओठावर येत नाही. तिच्याकडे येतं संक्रांतीचं हळदीकुंकू आणि महिला मेळावा. हळदीकुंकवाला मी कमी लेखत नाही. माझ्या ओळखीच्या कितीतरी बायका संस्थेच्या आवारात पहिल्यांदा पाऊल टाकायला त्याच निमित्ताने आल्या. पण पैसा जिथे ठरतो ती समिती वेगळी, हे विसरून चालणार नाही.

त्या पिठाच्या ठशाकडे परत जायला हवं, कारण तिथे एक धोका लपलेला आहे आणि तो बहुतेक संचालिकांना कोणी सांगितलेलाच नसतो. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 प्रमाणे संचालक मंडळाच्या निर्णयांची जबाबदारी संचालकांवर सामुदायिक असते आणि वैयक्तिकही असते. संस्थेचं नुकसान झालं आणि चौकशीत ठपका बसला, तर कलम 88 खाली ते नुकसान संचालकांकडून वसूल करता येतं. "मला काही माहीत नव्हतं, वही घरी आली होती" हे तिथे चालत नाही. वहीत तर 'सविस्तर चर्चा होऊन' असं लिहिलेलं आहे आणि खाली सही आहे. म्हणजे वहिनींचा त्रास वाचवायचा म्हणून मोटारसायकलवरून आलेली ती वही प्रत्यक्षात वहिनींच्या गळ्यात अख्ख्या मंडळाची जबाबदारी घालून जाते. निर्णयातला वाटा मात्र देत नाही. हे मी त्या सचिवांना समजावून सांगितलं तेव्हा ते खरोखर हादरले. त्यांनी असा विचारच केला नव्हता.

मग कायद्याने आरक्षण दिलं त्याचं काय? 97 व्या घटनादुरुस्तीने, जी 2012 च्या फेब्रुवारीपासून लागू झाली, व्यक्ती सभासद असलेल्या संस्थांच्या मंडळात महिलांसाठी दोन जागा राखल्या. मंडळ जास्तीत जास्त 21 जणांचं. महाराष्ट्राने 2013 मध्ये आपल्या कायद्यात तशी दुरुस्ती केली. पुढे 2021 च्या जुलैमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या घटनादुरुस्तीचा राज्यातल्या संस्थांना लागू होणारा भाग रद्द ठरवला, पण राज्याच्या कायद्यातली महिलांच्या जागांची तरतूद राहिली.

दोन जागा. या आकड्याचा परिणाम समजून घ्यायला रोझाबेथ मॉस कँटर या अमेरिकी अभ्यासक बाईंचं 1977 चं निरीक्षण उपयोगी पडतं. मोठ्या गटात वेगळ्या प्रकारची माणसं एक-दोनच असली की ती व्यक्ती उरत नाहीत, नमुना होतात. त्यांच्याकडे सगळ्यांचं लक्ष असतं, त्यांची एक चूक त्यांच्या सगळ्या जातकुळीची चूक ठरते, आणि त्यांना ठरावीक साच्यातच बसवलं जातं. पंधरा पुरुष आणि दोन बायका बसलेल्या मंडळात पशुखाद्याच्या भावावर चर्चा चालू असताना संचालिकेला कोणी विचारत नाही. चर्चा संपली की चेअरमन म्हणतात, "आता ताई, महिलांच्या वतीने दोन शब्द बोला." पशुखाद्य रोज कालवते कोण? दुभत्या जनावराने कोणती पेंड नाकारली, कोणत्या गोणीनंतर फॅट 3.5 च्या खाली घसरलं, हे त्या खोलीत सगळ्यात नेमकं जिला माहीत आहे तिला महिलांच्या वतीने बोलायला सांगितलं जातं.

आरक्षणाने मन बदलतं का? या प्रश्नाचं मला सापडलेलं सर्वांत चांगलं उत्तर सहकारातलं नाही, ग्रामपंचायतीतलं आहे. 73 व्या घटनादुरुस्तीनंतर पश्चिम बंगालमध्ये काही ग्रामपंचायतींचं प्रधानपद, म्हणजे आपल्याकडचं सरपंचपद, आळीपाळीने महिलांसाठी राखीव होत गेलं. कोणती पंचायत राखीव होणार हे गावकऱ्यांच्या मर्जीवर नव्हतं, त्यामुळे राखीव आणि खुल्या गावांची सरळ तुलना करता आली. लोरी बीमन, राघवेंद्र चट्टोपाध्याय, एस्थर डुफ्लो, रोहिणी पांडे आणि पेटिया टोपालोवा या अभ्यासकांनी तिथल्या गावकऱ्यांना प्रधानाचं एक ध्वनिमुद्रित भाषण ऐकवलं. शब्द तेच. काहींना पुरुषाच्या आवाजात, काहींना बाईच्या. जिथे आजवर कधी महिला प्रधान झाली नव्हती, तिथल्या पुरुषांनी बाईच्या आवाजातल्या भाषणाला कमी गुण दिले. जिथे महिला प्रधान होऊन गेली होती, तिथे हा फरक जवळपास पुसला गेला होता. 2009 साली हा अभ्यास प्रसिद्ध झाला, आणि त्यात आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे नोंदवली आहे : नेता पुरुष असावा ही पुरुषांची आवड मात्र बदललेली नव्हती. आवड तशीच राहिली, पारख बदलली.

मला यातून आशा वाटते. समोरच्या माणसाच्या मनातली आवड बदलायला दोन पिढ्या लागतील, तोवर थांबायची गरज नाही. त्याने बाईला काम करताना पाहिलं की तो निदान कामाचं माप नीट घेऊ लागतो. पण पाहिलं पाहिजे! आणि सहकारी कायद्याची उणीव इथेच आहे. बंगालमध्ये राखीव होतं ते प्रधानपद, म्हणजे खुर्ची. आपल्या सहकारी संस्थांत राखीव आहेत त्या मंडळातल्या जागा. चेअरमनपद राखीव नाही. घरी वही पाठवून जिची सही आणली जाते तिला गावाने काम करताना कधी पाहिलेलंच नसतं, मग पारख बदलणार कशी? पाच वर्षांनी पॅनेल बदलतं, दुसऱ्या दोन 'सौ.' येतात आणि फळ्यावरच्या याद्या होत्या तशाच राहतात. चेअरमनपद निदान एका मुदतीआड महिलेकडे यावं, असं माझं स्पष्ट मत आहे.

बायकांनी स्वतःच्या वेगळ्या संस्था काढल्या, तिथे ही पारख वेगळ्या रस्त्याने बदलली. अहमदाबादला 1974 साली चार हजार कष्टकरी बायकांनी प्रत्येकी दहा रुपये भाग घालून सेवा बँक उभी केली. आपल्याकडे माण तालुक्यातल्या म्हसवडला चेतना गाला-सिन्हा आणि तिथल्या बायकांनी बँकेसाठी रिझर्व्ह बँकेकडे अर्ज केला, तेव्हा तो नाकारला गेला. कारण, अर्जावर अंगठे होते. बायका परत आल्या, लिहायला-वाचायला शिकल्या, आणि पुन्हा जाऊन अधिकाऱ्यांना म्हणाल्या, आम्हाला व्याजाचे हिशोब घाला, तुमचे लोक कॅल्क्युलेटरवर करू देत, आम्ही तोंडी करतो. 1997 साली माणदेशी महिला सहकारी बँक सुरू झाली. आधीच्या अर्जाच्या वेळी त्यांच्याकडे हिशोब नव्हता असं नाही. तो अंगठ्याच्या मागे दिसत नव्हता.

वेगळ्या महिला संस्थांबद्दल मला आदर आहे, पण एक काळजीही आहे. "तुमची वेगळी पतसंस्था आहे ना, तिकडे बघा" असं म्हणून मोठ्या संस्थांचे चेअरमन मोकळे होतात. गावातला मोठा पैसा ऊस, दूध आणि पीककर्ज यांतून फिरतो, आणि तो मुख्य संस्थांतच राहतो.

तुम्ही स्वतः एखाद्या संस्थेचे सभासद असाल, तर 30 सप्टेंबरच्या आत वार्षिक सर्वसाधारण सभा होईल आणि अहवाल हातात पडेल. नफ्या-तोट्याचं पान सगळेच बघतात. त्याबरोबर मागच्या वर्षी मंडळाच्या सभा किती वाजता झाल्या ते विचारा. दुपारी दोनला सभा ठेवली तर धाराही चुकत नाहीत आणि स्वयंपाकही. कर्ज आणि खरेदी उपसमितीत संचालिका आहेत का ते विचारा. घरात दूध कोण काढतं आणि खातं कोणाच्या नावावर आहे, हे मात्र सभेत विचारायची गरज नाही. ते घरीच विचारा.

त्या सातारच्या ताईंकडे मी पुढच्या वर्षी पुन्हा गेले होते. सभा अजून रात्रीच व्हायच्या. सचिव वही घेऊन आले. या वेळी ताईंनी त्यांना आत बोलावलं, चहा ठेवला, भाकरी सुनेकडे दिली आणि वही मांडीवर घेऊन पानं उलटायला लागल्या. पशुखाद्याच्या खरेदीचा ठराव होता. त्यांनी तीन दुकानांचे दरपत्रक मागितले. सचिव म्हणाले, ते ऑफिसात आहेत. ताई म्हणाल्या, "मग मी उद्या ऑफिसातच येते. सही तिथंच करीन." चहा पिऊन सचिव सहीशिवाय परत गेले.